तुळशीरामच्या नावाचे पान

भाद्रपदाच्या वद्य पक्षातले ऊन कोणत्याही नियमात बसत नाही. पावसाळा संपल्याची नोटीस निघालेली नसते, हिवाळ्याने ताबा घेतलेला नसतो, आणि मधल्या त्या बेवारशी दिवसांत आभाळ असे पांढरे होते की माणसाची सावलीसुद्धा अंगाला चिकटून राहते. ज्वारी पोटऱ्यात येते. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांना दमट वास सुटतो. आणि कुंपणावर कावळा येऊन बसतो. इतर वेळी कावळा हा केवळ पक्षी असतो. या पंधरवड्यात तो हजर झालेला पक्षकार असतो; मान वाकडी करून, एका डोळ्याने घराच्या आत बघतो, आणि आपण नकळत पदरची उत्तरे जुळवू लागतो.

यंदाही तो आला. मी ओसरीवर बसून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायचे एक पत्र लिहीत होतो. विषय जुनाच. ज्या सरकारने एके काळी शिंदीच्या पानालासुद्धा मुद्देमाल ठरवले, तेच सरकार आज दारूच्या दुकानांना परवाने देते. या दोन्ही कृत्यांखाली सही करणारा हात एकच आहे काय, आणि असल्यास त्या हाताला लाज आहे काय, एवढाच माझा सवाल होता. तेवढ्यात नाल्याच्या बाजूने झाडण्याचा आवाज आला. कोरड्या पानांवरून केरसुणी फिरते तसा. सावकाश, एका लयीत. नाल्यावर आता झाडण्यासारखे काही उरलेले नाही. मी लेखणी खाली ठेवली.

आमचे गाव रोहिणखेडच्या अलीकडे, वाटेच्या डाव्या अंगाला. गावाला लागून नाला, आणि नाल्याच्या दोन्ही काठांनी शिंदीचे बन. मी सांगतो ती गोष्ट घडली तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते, दारूबंदी जोरात होती, आणि शिंदी काढणारे लोक आपली हत्यारे घेऊन निघून गेले होते. जाताना त्यांनी झाडांवरची मडकी मात्र काढली नाहीत. प्रत्येक झाडाच्या मानेला वर्षानुवर्षांच्या खाचा, आणि खाचेखाली काळे पडलेले, तोंड वासलेले मडके. वारा सुटला की ती मडकी घुमत. लहान मडक्याचा आवाज वेगळा, मोठ्याचा वेगळा, फुटक्याचा तर अगदी माणसासारखा. गावातल्या बायका दिवेलागणीच्या आत तिकडून पाणी घेऊन परतत. मी असल्या गोष्टी मानीत नाही. कोर्टाच्या आवारात अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. जे शपथेवर सांगता येत नाही ते मी कागदावर उतरवीत नाही. पण त्या बनातून एकटा चालताना मीही खाकरत असे, हे सांगायला हरकत नाही.

बंदीने शिंदी थांबली नाही. ती फक्त चोरटी झाली. माझा धाकटा भाऊ सदाशिव आणि त्याचा सोबती तुळशीराम हे दोघे त्या बनाचे कायमचे रहिवासी झाले होते. तुळशीराम चढायचा, सदा खाली मडके झेलायचा. माघातल्या एका पहाटे सदा झाडाखाली जागा झाला, तेव्हा तुळशीराम शेजारी आडवा होता. सदाने त्याला उठवले नाही. थट्टेने म्हणाला, तू लोळ, तुझ्या वाटची मी संपवतो. आणि त्याने ती संपवली. मग बराच वेळ तो त्याच्याशी बोलत बसला. बैलांविषयी, कापसाविषयी, कुठल्याशा लग्नाविषयी. ऊन पडले, तुळशीरामच्या उघड्या डोळ्यावर माशी बसली, आणि तो डोळा मिटला नाही, तेव्हा सदाला कळले. तो रात्रीच कधीतरी झाडावरून पडला होता.

त्यानंतर सदा एकच गोष्ट बोलत असे. त्याचा वाटा राहिला. मेलेल्या माणसाच्या वाटची मी प्यालो. हे तो मला सांगे, भिंतीला सांगे, गुरांना सांगे, आणि सांगून झाले की पुन्हा प्यायला जाई.

त्याला थांबवले ते माझ्या उपदेशाने नव्हे. तो मी भरपूर केला होता. थांबवले गिरजाने. गिरजा ही तुळशीरामची बायको. तिच्या घरामागे एक छपरी होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरी केरसुण्या होत, त्या दगडूजींकडून तिने काम शिकून घेतले आणि नवऱ्याला मारणाऱ्या त्याच बनातली पाने ती तोडून आणू लागली. पाने वाळवायची, भिजवायची, मोगरीने ठेचायची, लोखंडी दात्यांवरून ओढून त्यांचे तंतू मोकळे करायचे, आणि मुठीशी दोर असा आवळायचा की आयुष्यभर सुटू नये. एके दिवशी सदा तिच्या दारात येऊन रडू लागला, तेव्हा तिने त्याला बस म्हटले नाही, ऊठ म्हटले नाही. त्याच्या थरथरत्या हातात मोगरी दिली. हात हलूनच राह्यला तर कामाले लाव, भाऊजी, एवढेच ती म्हणाली.

सदामागून आणखी काही जण आले. पिण्यापायी ज्यांना घरात कोणी ताट वाढीत नव्हते, असे. एक बायजा नावाची बाई आली. तिची मुले नाल्याच्या पुरात गेली होती आणि तेव्हापासून तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. ती केरसुणी बांधीत नसे. दुसऱ्याने बांधलेली घेऊन ती बनातली पाने झाडीत बसे, सकाळी, दुपारी, आणि दिवे लागल्यावर केर काढू नये हा घरोघरचा नियम मोडून, दिवे लागल्यावरही. तिला कोणी अडवीत नसे. छपरीत गिरजाचा नियम एकच होता: हात रिकामा ठेवायचा नाही. तयार केरसुण्या वळचणीला उलट्या टांगलेल्या असत, तंतू खाली मोकळे. संध्याकाळी आत पाऊल टाकले की केस सोडलेल्या बायकांची रांग माना खाली घालून उभी आहे असे वाटे, आणि त्यांच्या खाली बसलेली माणसे न बोलता पाने ठेचीत असत. ठप्‌, ठप्‌, ठप्‌. बाहेर मडकी घुमत.

गावाने काय केले? गावाने नावे ठेवली. शेतकऱ्याच्या पोरांनी दगडूजींच्या पंगतीला बसून असले काम करावे म्हणून काहींनी सदाशी बोलणे टाकले. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा आहे, हे मी चावडीवर, कायद्याची प्रत हातात धरून, सर्वांना वाचून दाखवले. ऐकून घेतल्यावर सगळे जेवायला गेले. मग दारूबंदी खात्याचा एक शिपाई आला आणि छपरीतल्या पानांचे भारे उचलून घेऊन गेला. कारण? शिंदी बाळगली. मी वरच्या साहेबांना लिहिले की महाराज, पान म्हणजे रस नव्हे, जसे कापूस म्हणजे सदरा नव्हे. त्यांनी विचारले की झाडावर आपला हक्क कोणता. मी लिहिले की हक्काचा प्रश्न नंतर, आधी जप्तीचा पंचनामा दाखवा. ही पत्रे सबंध पावसाळाभर जात-येत राहिली. शेवटी अट घालून पाने परत मिळाली: बनातल्या कोणत्याही झाडावर ताजी खाच अथवा ओले मडके आढळल्यास छपरी बंद करण्यात येईल. मी ती अट मान्य केली. मला वाटले, भाद्रपदात शिंदीला रस धरतो कुठे? तो थंडीतला माल. अट पाळायला काही कष्ट नाहीत.

आणि पितृपक्ष लागला, तशी त्या झाडाला धार लागली.

ते झाड म्हणजे तुळशीराम जिच्यावरून पडला तीच शिंदी. तिच्या जुन्या खाचेच्या वर एक नवी, पांढरीफटक खाच दिसू लागली, आणि खाली, बाकीच्या काळ्या मडक्यांत उठून दिसणारे, एक नवे तांबडे मडके. मी स्वतः पाहिले. खाचेतून थेंब येत होता. हळू, पण येत होता. ऋतू नसताना. दगडूजी वर बघत म्हणाले की झाड देऊन राह्यलं, साहेब, पण हे देण्याचे दिवस नाहीत. मडके कोणी बांधले हे कोणालाच ठाऊक नव्हते. छपरीतली माणसे एकमेकांच्या तोंडाचा वास घेऊ लागली. आणि सगळ्यांची नजर फिरून फिरून सदावर जाई, कारण त्या झाडाची सवय असलेले जिवंत असे दुसरे कोणी नव्हते.

सदा शपथ घेऊन नाही म्हणाला. पण त्याच्या मोगरीची लय बिघडली होती. ठप्‌, मग काहीच नाही, मग ठप्‌ ठप्‌. मध्येच थांबून तो बनाकडे कान देई. मी विचारले तेव्हा म्हणाला की मडकी घुमतात ना, त्यांत आता एक नवा आवाज आहे, आणि तो आवाज काही मागत नाही, दादा, फक्त वाट पाहतो.

असे दिवस चालले असताना किसनाजी आमच्या दारात आले. किसनाजी म्हणजे तुळशीरामचा बाप. शुष्क, उंच, पागोटे नीट बांधलेला म्हातारा. लेक गेल्यापासून कोणाच्या ओसरीवर न चढलेला. त्यांनी सदाला पितर म्हणून बोलावले.

आमच्याकडे पितराचे नुसते पान वाढीत नाहीत, पितर बसवतात. गेलेल्याच्या वयाचा, शक्य तर त्याच्या सोबतीतला माणूस बोलावतात. त्याचे पाय धुतात, कपाळाला गंध लावतात, गेलेल्याच्या आवडीचे सगळे त्याच्या पानात वाढतात. आणि तो हात धुऊन उठेपर्यंत त्याला गेलेल्याच्याच नावाने हाक मारतात. त्या वेळापुरता तो तोच असतो. सदा तुळशीराम होणार होता. आणि तुळशीरामची आवड सगळ्या गावाला ठाऊक होती.

मी किसनाजींना सरळ विचारले, पानात काय काय वाढणार? त्यांनी पागोट्याचे टोक नीट खोचले. मग म्हणाले, "त्याच्या आवडीचं त्याले देऊन राह्यलो. तुह्या भावाले नाही."

मी संतापलो. कायदा सांगितला, अट सांगितली, माझ्या भावाचा जीव सांगितला. म्हातारा ऐकत राहिला. म्हणाला, कायदा जित्यायले. मेलेल्याले कोन्ता कायदा? आणि मी, ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या युक्तिवादातली भोके शोधली, तो मी मनातल्या मनात कलमे चाळू लागलो. त्याहून वाईट म्हणजे सदा दाराशी उभा होता आणि हे सगळे ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर मी जे पाहिले ते मला अजून दिसते. भीती नव्हती. सुटका होती. तुळशीराम म्हणून पेला उचलला तर त्यात सदाने काय मोडले? राहिलेला वाटा ज्याचा त्याला पोचेल, आणि सदा कोरडाच राहील. व्यसनाला इतका चोख वकील मी दुसरा पाहिला नाही.

मी त्याला सांगितले की मुखत्यार मालकाच्या नावाने सही करतो, पण शाई लागते ती त्याच्याच बोटांना. तो म्हणाला, "दादा, मले जाऊ दे. त्याचा वाटा मी खाल्ला. दुसरं कोन बसन त्याच्या पाटावर?"

 बोलावण्याच्या दिवशी सकाळी गिरजाने छपरीत सदाच्या रिकाम्या जागेवर मोगरी ठेवली आणि ती किसनाजींकडे स्वयंपाकाला गेली.

त्या दुपारी वारा अजिबात नव्हता. मडकी गप्प होती. ती गप्प असली की जास्त ऐकू येतात. किसनाजींच्या पडवीत पाट मांडला होता. गिरजाने सदाचे पाय धुतले, मान वर न करता. किसनाजींनी गंध लावले आणि म्हणाले, बस, तुळशीराम. सदा बसला. वडे, कढी, खीर, लाल भोपळ्याची भाजी. आणि पानाच्या उजव्या हाताला मातीचा एक पेला, तोंडावर पळसाचे पान झाकलेले. अंगणात वाढलेल्या दुसऱ्या पानावर कावळा उतरत नव्हता. भिंतीवर तीनचार बसले होते आणि आमच्याकडे पाहत होते. पलीकडे बनातून बायजाच्या झाडण्याचा आवाज येत होता, सरळ, अखंड.

मी समोरच बसलो होतो. जे झाले ते माझ्या डोळ्यांदेखत झाले, म्हणून लिहितो. सदाचे हात मांड्यांशेजारी पाटावर टेकले होते, रिकामे, आणि इतके कापत होते की बोटांची नखे पाटाला लागून वाजत होती. किसनाजी म्हणाले, घे बापा, तुह्यासाठीच आनली. त्यांनी पेल्यावरचे पान उचलले. वास पडवीभर पसरला. आंबट, गोड, ओल्या मातीसारखा. सदाने उजवा हात पुढे केला. पेल्याला लावला. मी उठू लागलो. गिरजाने माझ्या सदऱ्याची बाही धरली.

तेव्हा बनातले झाडणे थांबले.

आणि सदाचे हात कापायचे थांबले. पेला जमिनीपासून बोटभर उचललेला, तसाच. तो बोलला, पण नेहमी बोले तसे नाही. सदा घाईने बोलणारा, शब्द खाणारा. हा आवाज सावकाश होता, थोडा घोगरा, आणि त्यात एक जुनी मायेची थट्टा होती.

"बा," तो म्हणाला, "मले नको आता. लय झाली."

आमच्या घरी वडिलांना कोणी बा म्हणत नसे. किसनाजींना तर सदा नेहमी आबाजी म्हणे.

किसनाजी जागच्या जागी बसले. आवाज पुढे म्हणाला, "आन्‌ त्या झाडावर मडकं बांधाले चढत नको जाऊ, बा. तुहे पाय कापतात."

पेला खाली टेकला. सदाने तो पालथा केला. जमिनीने सगळे पिऊन टाकले आणि काळा डाग तेवढा राहिला.  किसनाजींचे पागोटे सुटून खांद्यावर आले होते. ते धोतरातल्या आपल्या पायांकडे बघत होते. पोटऱ्यांवर शिंदीच्या काट्यांचे ओरखडे होते, काही वाळलेले, काही ताजे. हे आम्ही कोणी आजवर पाहिले नव्हते, कारण कोणी म्हाताऱ्याच्या पायांकडे पाहत नाही. लेक जिच्यावरून पडला त्या झाडावर, दिवस उजाडण्याआधी, तो बाप खाचांवर पाय देत चढत होता.

मग गिरजा म्हणाली, "जेवा आता. निवून राह्यलं." आणि तिने कोणाचेही नाव घेतले नाही.

सदा जेवला. पोटभर जेवला. कावळा कधी उतरला ते मी पाहिले नाही. पाहिले तेव्हा अंगणातले पान रिकामे होते.

संध्याकाळी किसनाजींनी स्वतःच ते मडके उतरवून आणायचे म्हटले, पण त्यांना कोणी चढू दिले नाही. सदा चढला. मी खाली उभा होतो, झेलायला. खाचेवर माती लिंपली. ज्या खात्याने अट घातली होती त्याला मी त्याच आठवड्यात लिहिले की आढळलेले मडके एका वृद्ध पित्याचे होते, ते काढले आहे, आणि दिवंगत व्यक्तीला हा कायदा लागू होतो की नाही याबद्दल खात्याचा खुलासा मिळावा. उत्तर आले: अर्ज विहित नमुन्यात करावा. छपरी बंद झाली नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला गावातल्या ज्या घरांनी सदाशी बोलणे टाकले होते, त्याच घरांत त्याच्या हातच्या केरसुणीला हळदकुंकू लागले. मी हे त्यांना ऐकवल्यावाचून राहिलो नाही. पुढे शेगावच्या दुकानांतूनही मागणी येऊ लागली. किसनाजी अखेरपर्यंत छपरीत येऊन बसत आणि मुठीचे दोर वळीत. बायजा बनात झाडीत राहिली.

सदाला मी त्या दुपारविषयी एकदाच विचारले. मला विचारणे भागच होते. साक्षीदाराची उलटतपासणी घेतल्याशिवाय मला झोप येत नाही. म्हटले, म्हातारा झाडावर चढतो हे तू पाहिले होतेस? नाही म्हणाला. मग ते बोललास कसे? तो पाने ठेचीत होता. ठप्‌, ठप्‌, एका लयीत. 

"मी काहीच बोललो नाही, दादा," तो म्हणाला. "मी तर उचलला होता. मले प्याचीच होती."

त्यानंतर तो पुष्कळ वर्षे जगला आणि प्याला नाही. बन गेले, काही विहिरीसाठी तोडले, काही नाल्याच्या पुराने नेले; छपरीला पाने आता बाहेरगावाहून येतात. गेल्या साली सदाही गेला. झाडणारी बायजा त्याच्याही आधी गेली. म्हणून परवा, पत्र लिहिताना, नाल्याकडून तो आवाज आला तेव्हा मी लेखणी खाली ठेवली आणि ऐकत बसलो. कोणाला विचारले नाही, की तुम्हालाही ऐकू येते का. पत्र तसेच राहिले आहे. राहू दे.

यंदा सदाच्या नावाचे पान आमच्या घरी आहे. पितर म्हणून छपरीतलाच एक जण बसणार आहे, नवा माणूस. गिरजानेच सुचवला. सोडून त्याला अजून फार काळ झालेला नाही. बोलावणे द्यायला गेलो तेव्हा मोगरी त्याच्या हातात नीट ठरत नव्हती. त्याने मला विचारले की सदाभाऊंची आवड काय होती. मी सांगितले, आधी एक होती, मग दुसरी झाली.

त्याच्या पानाच्या उजव्या हाताला मी पाण्याचा पेला भरून ठेवणार आहे, आणि समोर बसणार आहे, तेव्हा बसलो होतो तसाच. आयुष्यभर मीच बोलत आलो. त्या दुपारी मात्र मी तोंड उघडणार नाही. तो पेला उचलील, आणि मी कान देऊन ऐकेन.